व्ही.पी.चे पैसे

अनोळखी माणसाकडून न पाहिलेली वस्तू घ्यायची, तर आधी कोणी हात सैल करायचा? विकणाऱ्याला धाकधूक, की माल गेला आणि पैसे बुडाले तर? घेणाऱ्याला धाकधूक, की पैसे गेले आणि हाती धोंडा आला तर? हिंदुस्थानच्या टपालखात्याने यावर 1877 साली तोड काढली. कागदोपत्री तिचं नाव व्हॅल्यू पेएबल पोस्ट. आपल्याकडे सगळे व्ही.पी. म्हणत. माझी सारी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या सब-पोस्ट ऑफिसांत गेली, आधी कारकून आणि पुढे सबपोस्टमास्तर म्हणून. गावची व्ही.पी. पार्सलं माझ्या टेबलावरूनच बटवड्याला निघत.

रीत सोपी होती. पुण्या-मुंबईचा दुकानदार पार्सल पोस्टात देई आणि किती रक्कम वसूल करायची ते लिहून देई. पोस्टमन दारात पैसे मोजून घेई, मगच पार्सल सोडी. ते पैसे मनिऑर्डरने दुकानदाराकडे जात. घेणाऱ्याने नको म्हटलं, तर पार्सल आल्या पावली परत आणि टपालखर्च दुकानदाराच्या बोडक्यावर. मनिऑर्डरचं काम टपालखात्याकडे आलं 1880 मध्ये, म्हणजे व्ही.पी. तिच्याही आधीची. अमेरिकेच्या टपालखात्याने असली सोय 1913 साली सुरू केली. याचा मला उगाचच अभिमान वाटतो. उगाचच म्हणते, कारण ही सोय इंग्रज साहेबांनी काढली होती.

मराठी मासिकं आणि प्रकाशकांना व्ही.पी.चा मोठा आधार होता. वर्गणी संपली की संपादक कळवत, नकार न आल्यास पुढचा अंक व्ही.पी.ने धाडू. वाचक ते पत्र वाचून गप्प बसत आणि अंक दारात आला की ‘घरात कोणी नाही’ असं घरातूनच सांगत. दुकानदारांना आणि संपादकांना बुडवणारे लोक गावोगाव होते. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

घेणाऱ्याची फसगत मात्र एका नियमातून होई. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. सील शाबूत, वजन बरोबर, पत्ता बरोबर, एवढंच पोस्ट बघणार. आत काय आहे ते पाठवणाऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक.

ज्यांनी ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रं आणि सिनेमाची मासिकं वाचली आहेत, त्यांना त्या जाहिराती आठवतील. नऊ घरांचा चौकोन, त्यात आकडे असे भरा की उभी, आडवी, तिरकी बेरीज पंधरा यावी. नाहीतर नटाचं अर्धवट नाव पूर्ण करा. शाळेतल्या पोरालाही सुटेल असं कोडं. उत्तर धाडलं की आठ-पंधरा दिवसांत छापील पत्र येई: अभिनंदन, तुम्ही ट्रान्झिस्टर जिंकलात! फक्त पॅकिंग आणि कराची रक्कम भरून व्ही.पी. सोडवून घ्या. पत्ता बहुधा दिल्लीचा, आणि तोही नुसता पोस्ट बॉक्स नंबर.

अशी पार्सलं आमच्याकडे आली की मला वजनावरूनच शंका येई. पण पार्सल अडवायचा अधिकार मला नव्हता. एकदा एक द्राक्षबागायतदाराचा मुलगा पैसे भरून पार्सल घेऊन गेला आणि थोड्याच वेळात बापाला घेऊन परत आला. खोक्यात प्लॅस्टिकचा रिकामा सांगाडा, त्याच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे. बाप माझ्यावरच तापला. ‘‘बाई, सरकारी शिक्का मारून तुम्हीच दिलं की हे!’’ बोलणं झोंबलं, पण त्याचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. लोक दिल्लीच्या कंपनीवर विश्वास टाकत नव्हते. ते खाकी कपड्यातल्या पोस्टमनला पैसे देत होते.

त्याचे पैसे अजून माझ्या तिजोरीत होते, मनिऑर्डर निघाली नव्हती. मी लेखी तक्रार घेतली, दोन साक्षीदारांसमोर पंचनामा केला, रक्कम रोखून अधीक्षकांकडे लिहिलं. कित्येक महिने कागद फिरले, पण पैसे त्याला मिळाले. जे आठवड्याने आले, त्यांच्यासाठी मी फार काही करू शकले नाही.

रक्कम रोखण्याला आधार होता तो 1898 च्या भारतीय टपाल कायद्याचा. त्याचं 35 वं कलम मी सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला लावत असे. खरोखर मागणी आल्यावरच माल पाठवत आहे, असं पाठवणाऱ्याकडून जाहीर करून घेण्याची तरतूद त्यात होती. आणि फसवणूक झाली असेल तर वसूल केलेले पैसे रोखून ठेवून ते घेणाऱ्याला परत करण्याचे नियम सरकारने करावेत, असंही त्यात होतं. आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. त्याच्या कितीतरी वर्षं आधी कुणातरी मसुदाकाराला हे सुचलं होतं, की चोर पकडण्यापेक्षा पैसे वाटेतच धरणं सोपं.

पुढे दुकानं इंटरनेटवर गेली आणि हाच शोध पुन्हा नव्याने लागला. अमेरिकेत ईबे 1995 साली निघाली. अनोळखी लोकांनी एकमेकांना ओळखावं म्हणून 1996 मध्ये तिने व्यवहारानंतर शेरा देण्याची सोय केली. आपल्याकडे 2000 साली मुंबईत बाझी डॉट कॉम सुरू झाली, ती 2004 मध्ये ईबेने विकत घेतली. तिथे ‘पैसापे’ नावाची व्यवस्था होती: घेणाऱ्याचे पैसे मध्येच थांबायचे, माल पोचला की विकणाऱ्याकडे जायचे. माझ्या भाच्याने जुना कॅमेरा असाच घेतला होता. त्याने मला मोठ्या कौतुकाने ती पद्धत समजावली. मी म्हटलं, बाबा, ही आमची व्ही.पी.च की, फक्त उघडून बघायची मुभा असलेली! ईबेचं भारतातलं ते दुकान ऑगस्ट 2018 मध्ये बंद झालं. फ्लिपकार्टने 2010 मध्ये आणलेली कॅश ऑन डिलिव्हरी तर सरळसरळ व्ही.पी.चीच नात.

मग 2016 साली यूपीआय आलं आणि पैसे मध्ये थांबायचेच बंद झाले. भाजीवाल्याला ते वरदान आहे. जुनी स्कूटर घेणाऱ्याला मात्र तो धोका, कारण समोरचा ‘मी फौजी आहे, बदली झालीये, ॲडव्हान्स टाका, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो’ म्हणतो आणि रक्कम त्याच क्षणी त्याच्या खात्यात पडते. विकणाऱ्यालाही सुटका नाही. ‘पैसे देतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवायचा, आणि तो स्कॅन करून पिन टाकला की खातं रिकामं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवायची सोयही अशाच फसवणुकीला वापरली जाई; ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. वेग हाच गुण मानणाऱ्यांनी व्ही.पी.चे ते दोन-चार दिवस निव्वळ दिरंगाई समजले. माझ्या टेबलावर तीच दिरंगाई गिऱ्हाइकाच्या कामी येत होती.

तो 1898 चा कायदा आता उरला नाही. 2023 च्या टपाल कायद्याने त्याची जागा घेतली, 18 जून 2024 पासून. पण पैसे वाटेत धरण्याचं काम दुसऱ्या दारातून परत आलं आहे: ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर फोन केला की रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी बँकांमार्फत गोठवण्याचा प्रयत्न होतो. म्हणून लाज बाळगत, घरच्यांपासून लपवत दिवस घालवू नका. त्या मुलाच्या बापासारखे तापलेले असतानाच फोन करा.