पुण्याहून उठलेले बिऱ्हाड

‘बुळकांडी’ हा शब्द आजच्या तरुण वाचकाला कोशात पाहावा लागेल, आणि ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. जनावराला ताप भरे, तोंड आतून सोलवटून निघे, मग हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत दावणीच्या दावणी ओस पडत. बैलच गेले तर पेरणी कशाच्या बळावर करायची? या रोगाच्या धास्तीतूनच ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ निघाली. पुण्यातील संस्थांवर आपण रकानेच्या रकाने लिहितो. हिचे नाव मात्र कोणी काढताना मला फारसे आढळले नाही. कारण ती पुण्यात राहिलीच नाही. असले सांसर्गिक रोग हाताळायला भरवस्ती सोयीची नव्हे, म्हणून १८९३ साली तिने कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या डोंगरावर बिऱ्हाड हलविले. १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख तेथे जाऊन आला.

पुढे मुक्तेश्वरचे नाव झाले ते तिथल्या लशींमुळे. मला मात्र तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. ते म्हणजे रोगाचे नाव ठरविणे. (नावे ठेवणे नव्हे, ते काम पुण्याला सोडून द्यावे.) त्याच डोंगराळ मुलखात, राणीखेतला, १९२७ च्या सुमारास कोंबड्या पटापट मरू लागल्या. संस्थेचे संचालक एडवर्ड्स यांनी हा वेगळाच विषाणुजन्य रोग असल्याचे दाखविले. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तोच हा ‘राणीखेत’ रोग.

हे सारे मला आठवले ते २००६ च्या फेब्रुवारीत. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मरत होत्या. राणीखेतच असणार, असे प्रथम वाटले. त्यात नवल नव्हते, कारण राणीखेत आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे बाहेरून सारखीच. इतकेच नव्हे, दोन्ही विषाणू रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात, त्यामुळे साधी चाचणीही येथे फसते. मग ज्या त्या विषाणूविरुद्ध तयार केलेले, पारखून ठेवलेले रक्तजल लागते. ज्या रक्तजलाने गुठळी अडते, त्याचाच तो विषाणू. अशी रक्तजले बाळगणारी, जिवंत विषाणू बंदिस्त जागेत हाताळू शकणारी, जिच्या शब्दावर इतर प्रयोगशाळा विसंबतात ती संदर्भ-प्रयोगशाळा. इथे चूक परवडत नाही. राणीखेत म्हटले तर लस टोचून धंदा चालू राहतो. बर्ड फ्लू म्हटले की धडधाकट कोंबड्याही माराव्या लागतात, आणि शेजारच्या आदिवासी घराच्या परसातल्या चारदोन कोंबड्याही त्यातून सुटत नाहीत. शिवाय हा विषाणू माणसाचाही जीव घेऊ शकतो, तेव्हा उशीर करणेही धोक्याचे.

नवापूरचे नमुने भोपाळला गेले. निकाल १८ फेब्रुवारीला जाहीर झाला: बर्ड फ्लू, एच५एन१, देशातील कोंबड्यांमधला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या.

भोपाळची ती प्रयोगशाळा त्या वेळी बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची शाखा होती. आणि इज्जतनगर म्हणजे मुक्तेश्वरच्याच घराचा विस्तार. म्हणजे एकशेसोळा वर्षांपूर्वी पुण्यात मांडलेल्या त्या घराच्या वंशजानेच नवापूरचा निवाडा केला.

ज्या बुळकांडीसाठी ते घर मांडले गेले, तिचे काय झाले? तिची देशातील शेवटची नोंद १९९५ ची. पण रोग दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे कोण मानणार? त्यानंतर ताप, फोड, हगवण असे कोठेही दिसले की नमुना तपासून ‘ही ती नव्हे’ असे दाखवावे लागे. शेळ्यामेंढ्यांत तर हुबेहूब तशीच दिसणारी तिची एक चुलतबहीण वावरत होतीच. असे पुरावे जमवीत अकरा वर्षे गेली. नवापूरच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, २००६ च्या मे महिन्यात, भारत बुळकांडीमुक्त असल्याचे जागतिक मान्यतापत्र मिळाले.