इंदोरीकरांचं विनोदी कीर्तन: ना संहिता, ना सेन्सॉर

निवृत्ती काशिनाथ देशमुख हे नाव ऐकून फारसं कुणी मान वर करणार नाही. 'इंदोरीकर महाराज' म्हटलं की मात्र फोनमधली एखादी तरी क्लिप आठवतेच. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात इंदोरी नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. शिक्षण बीएस्सी, बीएड. गेली अनेक वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या कीर्तनकारांमध्ये त्यांची गणना होते आणि लोक तिथे अभंगाच्या निरूपणाइतकेच हसायलाही जातात.

यूट्यूबवर ते पाहणारे अनेकजण त्यांना 'गावचा स्टँड-अप' म्हणतात. तुलना अगदीच चुकीची नाही, पण अपुरी आहे.

वारकरी कीर्तनाला एक ठरलेली चौकट असते. मधोमध कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, शेजारी पखवाज आणि विणेकरी. एक अभंग निवडायचा आणि त्याचं एकेक चरण घेऊन साधारण दोन तास निरूपण करायचं. दृष्टांताला मोकळीक असते. इंदोरीकरांचा विनोद याच मोकळ्या जागेत उभा राहतो. लग्नातल्या डीजेपुढे नाचणारी पोरं, कर्ज काढून केलेला थाट, दारू, मोबाइल, पुढाऱ्यामागे फिरून शेती ओसाड टाकणारे कार्यकर्ते हे त्यांचे नेहमीचे विषय. चेहरा गंभीर, भाषा अकोले-संगमनेरच्या बांधावरची, वाक्यं तुटक. समोर बसलेल्यालाच टोमणा बसतो आणि तोच सगळ्यात मोठ्यानं हसतो. श्रोत्यांना धरून ठेवायचं, मग सुनवायचं, असं हे तंत्र.

या भागाला ही सरमिसळ नवी नाही. शेजारच्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशाचा फड गाजवत होते. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी डफ सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. फडावरची हजरजबाबी जीभ आणि कीर्तनाचा उपदेश यांच्यातली भिंत इथे आधीपासूनच पातळ होती.

फरक दिसतो तो विनोद लिहिला कसा जातो, यात.

मराठी नाटककाराला प्रयोगाआधी संहिता महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. प्रमाणपत्र मिळाल्यावर पडदा वर जातो. या मंडळावर टीका भरपूर होते आणि ती बऱ्याचदा रास्तही असते, पण प्रेक्षकांच्या आधी कुणीतरी ते शब्द वाचलेले असतात, एवढं खरं. टीव्हीवर तर एका वाक्यामागे कितीतरी माणसं असतात. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'सारख्या कार्यक्रमात सचिन गोस्वामी, सचिन मोटे यांच्याबरोबर लेखकांची फळी असते, समीर चौघुलेंसारखे नट स्वतःही लिहितात. तालमीत वाक्यं पडतात, बदलतात, संकलनात कापली जातात. स्टँड-अपवाला एकटा असतो, पण तोही पाच मिनिटांचा मजकूर ओपन माइकला पुन्हा पुन्हा घासून पाहतो, आणि व्हिडिओ टाकण्याआधी कात्री त्याच्याच हातात असते.

कीर्तनकाराकडे यातलं काही नाही. लेखक तोच, नट तोच, दिग्दर्शकही तोच. मजकूर कागदावर नाही, तोंडात. एका गावात हशा मिळाला की तो दृष्टांत पुढच्या गावात जातो, नाही मिळाला की गळतो. गर्दीचा हशा हाच संपादक. आणि एखादं विधान खरं आहे की खोटं, हे हशा कधीच तपासत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये नेमकं तेच झालं. सम तिथीला स्त्रीसंग केला तर मुलगा आणि विषम तिथीला केला तर मुलगी होते, अशा आशयाचं त्यांचं विधान व्हिडिओतून पसरलं. याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. बाळाचं लिंग शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, तिथीचा त्याच्याशी संबंध नाही. मुलगाच हवा या हट्टापायी मुलींचं प्रमाण घसरलेल्या राज्यात हे बोलणं नुसती गंमत म्हणून सोडून देता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या कीर्तनांतल्या बायकांवरच्या शेऱ्यांवरही तेव्हा जोरदार टीका झाली. काही दिवसांत महाराजांनी पत्रक काढून दिलगिरी व्यक्त केली. समर्थकांनी जुन्या ग्रंथांचे दाखले दिले.

प्रकरण तिथे थांबलं नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यातलं कलम २२ लिंगनिवडीच्या जाहिरातीला बंदी घालतं. दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याखाली २०२० मध्येच संगमनेरच्या न्यायालयात खटला दाखल झाला. २०२१ मध्ये सत्र न्यायालयानं महाराजांना दिलासा दिला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो निर्णय रद्द करून खटला पुन्हा जिवंत केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. डॉक्टर किंवा सोनोग्राफी केंद्राऐवजी कीर्तनातलं वाक्य या कायद्याच्या कक्षेत येतं का, हा प्रश्न त्यामुळे राज्यभर चर्चेत आला.

यात आणखी एक गुंता आहे. कीर्तन समोरच्या गावासाठी असतं, पण चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकणारे वेगळेच असतात. दोन तासांतली दोन मिनिटं कापायची, वर भडक मथळा लावायचा, आणि व्ह्यूजचे पैसे त्या चॅनेलला. आपल्या कीर्तनावर दुसरेच कमावतात आणि अडचणीत आपण येतो, अशी तक्रार महाराजांनी व्यासपीठावरून अनेकदा केली आहे. तक्रारीत तथ्य आहे. अर्थात क्लिप कापणाऱ्यानं वाक्य कापलं, रचलं नाही, हेही तितकंच खरं. वादानंतर त्यांच्या काही कार्यक्रमांत कीर्तन सुरू होण्याआधीच मोबाइल आणि कॅमेरे बंद ठेवायची सूचना होऊ लागली.