तेलात उतरलेले पेट्रोल

मोटारीच्या पुस्तिकेत 'दर अमुक मैलांनी तेल बदला' अशी एक ओळ असते. आपण ती निमूटपणे पाळतो, नाहीतर विसरतो. पण हा 'अमुक' आकडा येतो कोठून? 'मर्सिडीज ३०० एसएल' या जर्मन स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तो १००० मैल, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर, इतका कमी होता. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

या नावाच्या शर्यतीच्या गाडीने १९५२ मध्ये फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांनी कंपनीकडे आग्रह धरला आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तिची रस्त्यावर चालवायची आवृत्ती अवतरली. दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी. गंमत म्हणजे शर्यतीच्या गाडीला साधे कार्ब्युरेटर होते, तर या विक्रीच्या गाडीत बॉशचा पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारत असे. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत मुरलेली होती. तिने शक्ती वाढली, पण एक दुखणेही आणले.

हा पंप इंजिनच्याच फिरण्यावर चाले. किल्ली बंद केली की ठिणगी थांबते, पण इंजिन लगेच थांबत नाही, जडत्वामुळे आणखी काही फेरे घेते. तेवढ्या वेळात पंप पेट्रोल फवारतच राही. ते जळत नसे. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन, दट्ट्याच्या कड्यांमधून झिरपून ते खाली वंगणतेलात मिसळे. तेलाचा दाटपणा (विष्यंदिता) त्यामुळे घटतो. असे तेल धारव्यांवरच्या भाराखाली टिकत नाही, बाजूला सरते आणि धातूला धातू घासू लागतो.

तेल पुरेसे तापले असते, तर पेट्रोल वाफ होऊन निघून गेले असते. पण शर्यतीच्या विचाराने या गाडीत दहा लिटरांहून अधिक तेल आणि ते थंड करणारी मोठी जाळी बसवली होती. शहरात बेताने चालवल्यास एवढे तेल तापणार कसे? म्हणजे तेल बिघडे ते गाडी पिटाळल्याने नव्हे, जपून चालवल्याने! अनेक मालक त्या जाळीकडे जाणारी हवाच अडवून ठेवत आणि हजार मैलांचा नेम कटाक्षाने पाळत.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन उंच परीक्षानळ्यांत एरंडेल घ्यावे, एकीत दहाव्या हिश्शाइतके रॉकेल मिसळून नीट ढवळावे (पेट्रोल वर्गात आणू नये). दोन्हींत सारखेच सायकलचे छर्रे सोडून तळ गाठायला लागणारा वेळ मोजावा. आधी मुलांना अंदाज करू द्यावा.

आजचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण किल्ली फिरवताच फवारा तोडते. तरीही थेट फवाऱ्याच्या नव्या इंजिनांत, कडक थंडीत जवळजवळच्याच फेऱ्या झाल्या तर, तेलात पेट्रोल उतरल्याचे आढळते.