वॉटसनचं हॉटेल आणि आपलं पाणी

जयगडच्या बंदरातून बोटीत बसून आपली माणसं मुंबईला गेली, गोदीत नि गिरणीत राबली. त्याच मुंबईत काळा घोड्याच्या कोपऱ्यावर वॉटसनचं हॉटेल होतं. पुढं त्याचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. बिडाचे खांब नि तुळया विलायतेत ओतल्या, जहाजानं इथं आणल्या आणि 1867 ते 69 मध्ये सांगाडा उभा केला. नकाशा ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरचा, मालक जॉन वॉटसन. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दिसला तो इथंच. तिकीट एक रुपया. एक रुपया, तोही त्या काळात!

हे हॉटेल गोऱ्यांचं. जमशेटजी टाटांना इथं दारातून परत पाठवलं, म्हणून त्यांनी 1903 साली ताज उघडलं, ही गोष्ट शाळेतली पोरंही सांगतात. तिला पक्का पुरावा नाही, तरी ती मरत नाही. शेठजीचा अपमान लोकांच्या चांगला ध्यानात राहतो.

आता त्याच रांगेत चार पावलं चाला. एल्फिन्स्टन कॉलेज. 1908 नंतर बाबासाहेब तिथं शिकायला होते. कॉलेजच्या हॉटेलवाल्या ब्राह्मणानं त्यांना चहा सोडा, पाणीसुद्धा दिलं नाही. इथं गोरा साहेब कुठं होता?

पुढं 1917. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. रोजचा दीड रुपया मोजून! अकराव्या दिवशी दहाबारा पारशी लाठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, म्हणाले. दिवस बागेत काढून बाबासाहेब रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. टाटांची गोष्ट सांगणारे ही का सांगत नाहीत, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

शेठजीकडं पैसा होता, त्यांनी दुसरं हॉटेल बांधलं. आपण काय बांधणार? 1923 च्या बोले ठरावानं सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा कागदावर खुल्या केल्या. कागदच तो! म्हणून 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं.

वॉटसनच्या त्या इमारतीत नंतर वकिलांच्या कचेऱ्या आल्या. देखभाल नाही. 2005 साली तिचा भाग कोसळून माणूस मेला. 2019 ला हायकोर्टात ती पाडावी की राखावी यावर वाद झाला. वारसा म्हणून हळहळणारे पुष्कळ. हळहळू देत. आपल्यासाठी मात्र 26 जानेवारी 1950 ला लागू झालेल्या संविधानाचं 15 वं कलम काढून वाचा. दुकानं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर 'हॉटेलं' हा शब्दही त्यात नाव घेऊन लिहिलेला आहे.