ओकचे रान आणि आरमाराची भूक

मराठी घरात ओक आला तो झाड म्हणून नव्हे, बाळगुटीतील एक जिन्नस म्हणून. सहाणेवर हिरडा, वेखंड, हळकुंड यांच्या जोडीने जे मायफळ उगाळले जाते ते वस्तुतः फळ नव्हेच. पश्चिम आशियातील एका ओकच्या कोवळ्या फांदीवर गांधीलमाशीच्या गणातला एक बारीक कीटक अंडी घालतो. त्या परक्या जिवाभोवती झाड जी गाठ बांधते, ती वाळून आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात येते. प्रत्यक्ष झाड मात्र सह्याद्रीत नाही. गढवाल-कुमाऊंचा बांज हा ओकच. पण तो हिमालयातला. ओक हे आडनाव आपल्या परिचयाचे असले तरी त्याचा या वृक्षाशी संबंध लावू नये, हे सांगायला नकोच.

त्यामुळे इंग्लंडमधील एखादे जुने ओकचे रान पाहायला गेलेला मराठी माणूस सोबत एक अपेक्षा घेऊन जातो, आणि ती बहुधा देवराईची असते. जिथे कुऱ्हाड चालत नाही, वाळकी काटकीही उचलायची नाही, असे काहीतरी. ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या बेचक्यात, डीन नावाचे अरण्य आहे. त्यातल्या पार्कएंड या खेड्यालगतच्या नॅग्सहेड भागात मे महिन्यात शिरावे. ओकला नुकती पालवी फुटलेली असते. ती आरंभी हिरवी नसून किंचित तांबूस-सोनेरी दिसते. पानांची दाट सावली पडण्यापूर्वी जमिनीवर निळ्या घंटाफुलांचा गालिचा उमटून जातो. बुंधे उंच, सरळ, शेवाळलेले. देवराईचा भास व्हायला इतके पुरते.

थोडा वेळ उभे राहून पाहिले की भास विरतो. बुंधे फार सारख्या वयाचे आहेत. मोकळ्यावर वाढलेला ओक ठेंगणा, रुंद, हात पसरलेला असतो. इथले सगळे वर धावलेले आहेत, कारण ते दाटीने लावलेले आहेत. हे रान कुऱ्हाडीपासून राखलेले नाही. ते कुऱ्हाडीसाठीच, १८१४ च्या सुमारास, पेरलेले आहे. प्रत्येक झाडाच्या वाट्याला युद्धनौकेची एक फळी किंवा एक तुळई यावी, असा त्या पेरणीमागचा हिशेब होता.

हा हिशेब जुना होता. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा मध्ययुगीन इंग्लंडमधील अर्थ झाडी असा नव्हता; राजाच्या शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखालचा प्रदेश असा होता. डीन हे नॉर्मन राजांचे असे राखीव रान. मात्र त्यात माणसे राहत होती, आणि त्यांचे हक्क परंपरेने ठरलेले होते. ओकची बोंडे गळू लागली की डुकरे चरायला सोडायची, मेंढ्या फिरवायच्या, जळण गोळा करायचे. शिवाय एक हक्क खास इथलाच. सेंट ब्रियाव्हल्स या परगण्यात जन्मलेल्या, खाणीत वर्ष आणि एक दिवस काम केलेल्या पुरुषाला या रानाखालचा कोळसा व लोहखनिज खणण्याचा अधिकार होता. १८३८ च्या कायद्याने तो लेखी झाला आणि आजही टिकून आहे. २०१० मध्ये त्या नोंदवहीत प्रथमच एका स्त्रीचे नाव चढले. वर झाडे राजाची, खाली खनिज रहिवाशांचे, मधल्या गवतावर मेंढ्या. ही वाटणी सुखाची होती असे नाही; पण ती वाटणी होती.

सतराव्या शतकात ती मोडली. १६४० मध्ये पैशाच्या विवंचनेत असलेल्या पहिल्या चार्ल्सने हे रान सर जॉन विंटर नावाच्या एका लोखंडाच्या कारखानदाराला विकले. भट्ट्यांना लोणारी कोळसा लागे. झाडे जळत गेली. यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, राजेशाही परतली, आणि विंटरही पुन्हा कंत्राट घेऊन परतला. त्याला विकलेल्या ३०,००० हून अधिक झाडांपैकी १६६७ मध्ये जेमतेम २०० उभी असल्याचे आढळले. लंडनमध्ये याच सुमारास आरमाराच्या अधिकाऱ्यांनी लाकडाच्या टंचाईबद्दल रॉयल सोसायटीकडे विचारणा केली होती, आणि तिला उत्तर म्हणून जॉन एव्हलिनने १६६४ मध्ये ‘सिल्वा’ हा वृक्षलागवडीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पॅनिश आरमाराला डीनची झाडे नष्ट करण्याची आज्ञा होती, ही गोष्ट एव्हलिननेच लोकप्रिय केली. ती खरी असण्याचा संभव कमीच. परंतु ओक म्हणजे राष्ट्राची तटबंदी ही कल्पना इंग्रज मनात किती खोल रुजली होती, याची ती साक्ष आहे. १६६८ मध्ये कायदा झाला: डीनमधील ११,००० एकर जमीन कुंपण घालून ओकसाठी राखावी, झाडे गुरांच्या तोंडाला लागणार नाहीत इतकी वाढली की ती मोकळी करून दुसरी तेवढीच बंदिस्त करावी.

इथे आपल्याकडील एका दस्तऐवजाची आठवण अपरिहार्य आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचे, म्हणजे या कायद्यानंतर अर्ध्या शतकाचे. त्याचाही प्रश्न तोच: आरमाराला लाकूड कुठून आणायचे. सागवानादी जे लाकूड राज्यातील अरण्यात आहे ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावे; कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये. ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती बळाने तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. ही आज्ञा गावोगाव कितपत पाळली गेली हा निराळा प्रश्न. मात्र दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवले की एक गोष्ट नजरेत भरते. इंग्रजी कायद्यात काळजी झाडाची आहे आणि रयत ही त्याला असलेला उपद्रव आहे. आज्ञापत्रात झाड रयतेचे असू शकते, हे राज्यकर्त्याने गृहीत धरले आहे.

डीनची पुढची शंभर वर्षे ढिलाईत गेली. कुंपणे पडली, लाकूड चोरीला गेले, झोपड्या उठल्या. १८०२ मध्ये सेनापती नेल्सन वाय नदीच्या खोऱ्यात सहलीला आला असता त्याने या रानाची अवस्था पाहिली आणि एक टिपण लिहिले. २३,००० एकरांची उत्तम जमीन, आणि तीत जहाजजोगे लाकूड ३,५०० गाड्यांपेक्षा अधिक नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते. त्याच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजासाठी सुमारे ६,००० झाडे लागली होती असे सांगतात, आणि त्यांतला बहुतेक ओकच. नेल्सन १८०५ मध्ये ट्रफाल्गरला पडला; १८०८ मध्ये पुन्हा ११,००० एकर बंदिस्त करण्याचा कायदा झाला, आणि एडवर्ड मॅचेन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पेरणी सुरू झाली. १८१३-१४ च्या सुमारास उंदरांची अशी धाड आली की रोपे मुळाशी कुरतडली गेली. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद असे खड्डे खणून त्यांना हजारोंनी मारावे लागले, तेव्हा कुठे रान तगले.

उंदरांचा बंदोबस्त झाला. माणसांचा राहिला होता. कुंपणामुळे मेंढ्या-डुकरांची चराई आखडली. खाणींत बाहेरचे भांडवलदार शिरले. वीस वर्षांनी कुंपणे उघडतील, असा समज लोकांत पक्का होता आणि ती मुदत भरत आली होती. वॉरन जेम्स हा या रानातला हक्कदार खाणकामगार. त्याने अर्जविनंत्या करून पाहिल्या; मग जून १८३१ मध्ये नोटीस छापून जाहीर केले की ८ तारखेला आम्ही रान उघडणार. नोटीस देऊन, तारीख सांगून केलेले हे बंड. त्या सकाळी शंभरावर माणसे कुदळी-कुऱ्हाडी घेऊन पार्कएंडजवळच्या कुंपणाशी जमली. मॅचेन मोजकी निःशस्त्र माणसे घेऊन आडवा गेला. कोणी जुमानले नाही. पुढील काही दिवसांत जमाव दोनेक हजारांवर गेला आणि सुमारे साठ मैलांची कुंपणे आडवी झाली. मग सैन्य आले, गर्दी पांगली. जेम्सला मृत्युदंड फर्मावला गेला, तो बदलून जन्मभराची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्याला ऑस्ट्रेलियाजवळच्या व्हॅन डीमेन्स लँड बेटावर धाडण्यात आले. १८३६ मध्ये माफी मिळाली. तो परतला नाही, १८४१ मध्ये तिथेच वारला. कुंपणे पुन्हा उभी राहिली. नॅग्सहेडचे ओक तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते.

शंभर-दीडशे वर्षांनी तयार होणाऱ्या लाकडाची वाट पाहत आरमार थांबू शकत नव्हते. त्याची तातडीची भूक भागली ती मलबारात आणि मुंबईत. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले होते. त्यांच्या वंशातील जमशेटजी बमनजींनी १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ अशी जहाजे ब्रिटिश आरमाराला सागवानी बांधून दिली. ओकमधील आम्लाने खिळे गंजतात. सागातील तेलाने ते टिकतात. ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जपलेली आहे. तो साग कसा जमवला गेला, हे मात्र क्वचित सांगितले जाते. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन याला मलबारच्या वनांचा संरक्षक नेमले. पुढल्याच वर्षी साग ही सरकारची मिरासदारी ठरली आणि जमीनमालक व व्यापारी यांना आपल्याच डोंगरातले झाड तोडणे मना झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२३ मध्ये ते पदच रद्द केले. डीनच्या रहिवाशांची आणि मलबारच्या जमीनदारांची गाठभेट होणे शक्य नव्हते. त्यांची तक्रार एकाच कचेरीविरुद्ध होती, एवढे त्यांना कळले असते तर काय झाले असते, हा विचार मनात येतो खरा. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने निलंबूर येथे जहाजांसाठी सागाची लागवड आरंभिली. तिचे दैवही डीनसारखेच.

कारण १८६० मध्ये ‘वॉरियर’ हे लोखंडी सांगाड्याचे, चिलखती युद्धजहाज ब्रिटिश आरमाराने पाण्यात सोडले, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेतील यादवी युद्धात दोन चिलखती जहाजांच्या झुंजीने लाकडी आरमारांची सद्दी संपल्याचे जगाला दिसले. नॅग्सहेडचे ओक तोवर पन्नाशीलाही पोचले नव्हते. ज्या लोखंडाने त्यांना निरुपयोगी ठरवले, तेच लोखंड त्यांच्या मुळांखालच्या खाणींतून निघत होते. आणि ज्यांना त्या ओकसाठी कुंपणाबाहेर काढले होते, त्यांचीच मुले-नातवंडे ते खणत होती.

पुढचा इतिहास कमी नाट्यमय आहे. १९२४ मध्ये डीन वनआयोगाकडे गेले, युद्धांच्या काळात बरेच लाकूड तुटले, ओकच्या जागी पुष्कळ ठिकाणी झटपट वाढणारे सूचिपर्णी वृक्ष आले. १९३८ मध्ये इंग्लंडचे पहिले राष्ट्रीय वनोद्यान म्हणून डीन जाहीर झाले. नॅग्सहेडमध्ये ओकची पाने खाणाऱ्या अळ्यांना आवर घालण्यासाठी १९४२ मध्ये पक्ष्यांकरिता लाकडी पेट्या टांगल्या गेल्या. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून येणारे काळे-पांढरे माशीमार तेव्हापासून त्यांत घरटी करतात. तोफांसाठी लावलेल्या बुंध्यांवर आता पेट्यांचे क्रमांक आहेत.

२०१० मध्ये ब्रिटिश सरकारने सार्वजनिक वने विकण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा सर्वांत आधी उठणाऱ्यांत डीनचे लोक होते. ३ जानेवारी २०११ रोजी स्पीच हाउसपाशी, म्हणजे जिथे रानाच्या कारभाऱ्यांची न्यायसभा शतकानुशतके भरत आली त्या इमारतीजवळ, हजारो माणसे थंडीत जमली. फेब्रुवारीत सरकारने बेत सोडून दिला. एक वाद मात्र मिटलेला नाही. डीनमध्ये मेंढ्या आजही मोकळ्या फिरतात, रस्त्यात बसतात, लोकांच्या बागांत शिरतात. त्या पाळणारे चराईला हक्क म्हणतात. वनखाते तिला सवलत म्हणते.