कर्नल साइक्स आणि मावळचीं पांखरें

पुण्याहून पश्चिमेस निघालेला प्रवासी वडगांव, कार्लें ओलांडून लोणावळ्यास पोहोंचतो, तेव्हां अंतर अवघें ६४ किलोमीटरांच्या आसपास झालेलें असतें. परंतु तेवढ्यांत मुलूख पालटतो. उघडा माळ मागें राहतो, भातखाचरें लागतात आणि पुढें घाटांतलें रान. भूमीबरोबर पांखरेंहि पालटतात. दख्खनच्या या पांखरांची पहिली मोठी शास्त्रीय यादी ज्यांनीं केली, त्यांची नेमणूक मात्र निराळ्याच कामासाठीं झाली होती.

विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी. १८१७ सालीं खडकीच्या लढाईंत ते पेशव्यांविरुद्ध लढले. १८२४ मध्यें गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं त्यांस इलाख्याची आंकडेवार माहिती जमविण्याच्या कामावर नेमिलें. लोकवस्ती, जमीनधारा, पर्जन्य यांच्या नोंदी करीत हिंडतां हिंडतां पांखरांचीं टिपणेंहि वाढत गेलीं. त्या काळची रीत कठोर होती: पांखरूं बंदुकीनें पाडावें, डोळ्यांचा रंग लिहावा, पोटांतलें अन्न तपासावें आणि कातडें जतन करावें.

१८२९ मध्यें सरकारनें ती जागाच मोडली. साइक्स यांनीं रजा घेऊन, वेतनावांचून, १८३१ पर्यंत काम पुरें केलें. १८३२ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळानें त्यांची यादी छापिली. तींत ५६ पक्षी नवे म्हणून वर्णिले होते. ते सारेच पुढें नवे ठरले नाहींत, परंतु कित्येक आजहि मान्य आहेत.

घाटांतल्या रानांतील तांबड्या गळ्याच्या सूर्यपक्ष्यास मंडळाचे चिटणीस व्हिगर्स यांचें नांव मिळालें. खाचरांत निश्चळ उभ्या राहणाऱ्या ढोकरीस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रे यांचें. माळावरच्या मोठ्या करड्या सातभाईस गव्हर्नर माल्कम यांचें. ज्यांच्या अमदानींत साइक्स यांची जागा गेली, ते हेच माल्कम. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तोहि त्यांनींच.

पूर्वीं काय होतें हें ठाऊक असल्यावांचून काय नाहींसें झालें हें सांगतां येत नाहीं. लोणावळ्याच्या डोंगरउतारांवर वस्ती वाढत असतां या जुन्या यादीचें मोल तेवढ्यासाठींच मोठें आहे. त्या तीन शास्त्रीय नांवांत मावळच्या एकाहि माणसाचें नांव नाहीं. ढोकरी आणि सातभाई हीं नांवें मात्र येथल्याच माणसांनीं ठेविलेलीं आहेत.