दवाखान्यापासून लांब राहिलेली पदवी

नोंदणी नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यात ही शिक्षा सांगितली आहे. दंडाचा आकडा वाचून आज हसू येते. पण त्या कायद्याने मानसशास्त्र शिकलेल्यांत एक रेघ ओढली. नुसते एम.ए. झालेले रेघेच्या अलीकडे राहिले; एम.ए.नंतर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. करणारे पलीकडे गेले. खान्देशातल्या नंदुरबारच्या मुलामुलींना पलीकडे जायचे तर आधी जिल्हाच सोडावा लागे.

हे असे का झाले, याचे उत्तर कायद्यापेक्षा जुने आहे.

कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा झाला. पुणे विद्यापीठात 1950 मध्ये प्रा. कोठुरकरांनी विभाग उभा केला, तोही प्रायोगिक मानसशास्त्राचाच. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खान्देशातली कॉलेजे पुण्याला जोडलेली होती, त्यामुळे साचाही तिथलाच. मेमरी ड्रमवर निरर्थक अक्षरे पाठ करायची, आरशात बघून चांदणी गिरवायची, म्युलर-लायरच्या दोन रेघांतली कुठली लांब ते सांगायचे. प्रयोगाला बसणारा बहुधा शेजारच्या बाकावरचा मित्र. जर्नलवर सरांची सही झाली की प्रात्यक्षिक संपले. निरीक्षणाची शिस्त त्यातून नक्की लागे, पण एम.ए.च्या दोन वर्षांत रुग्णाशी गाठ पडेलच असे नव्हते.

रुग्ण होता तो दुसऱ्या वाटेवर. भोर समितीने 1946 च्या अहवालात मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षित माणसे घडवा असे सांगितले. बंगळुरूला 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली (आजची निम्हान्स) आणि पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका निघाली. रांचीच्या मनोरुग्णालयाने 1962 मध्ये तशीच पदविका काढली. एम.फिल. हे या पदविकांचे पुढचे रूप. विद्यार्थ्याने वॉर्डात आणि ओपीडीत बसायचे, केस घ्यायची, चाचण्या करायच्या आणि सगळे वरिष्ठांपुढे मांडून बोलणी खायची. क्षमता ठरवण्याची ही रीत पुस्तकी परीक्षेपेक्षा कितीतरी खरी होती. एकच अडचण: तिला खाटा लागत, म्हणजे मोठे रुग्णालय लागे.

आता महाराष्ट्राचा नकाशा पाहावा. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 चे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. चौथे पुण्याजवळ येरवड्याला. खान्देशाच्या वाट्याला एकही आले नाही. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे पश्चिम खान्देशाचा धुळे झाला, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. येरवडा मात्र चारशे किलोमीटरच्या पलीकडेच राहिले. ब्रिटिशांनी वेड्यांची इस्पितळे जिथे बांधली, त्याचा वारसा पुढे शिक्षणालाही मिळाला. तशी नुसते एम.ए. आणि दवाखाना यांच्यातली रेघ अमेरिकेतही होतीच. 1949 च्या बोल्डर परिषदेने संशोधन आणि उपचार दोन्ही येणारा मानसशास्त्रज्ञ हवा असे ठरवले, पण पीएच.डी.च्या पातळीवर. मास्टर्सवाल्यांसाठी वेगळी अधिस्वीकृती परिषद निघायला 1995 उजाडले, आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने ही पातळी आपल्या कक्षेत घ्यायचा निर्णय केला तो 2018 मध्ये.

खाटांचा प्रश्न निदान दिसतो तरी. भाषेचा तर दिसतही नाही. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी 1934 मध्ये मराठी आणि कानडीत आणली. मोठेच काम, पुढची कित्येक दशके दवाखान्यांत ‘बिने-कामत’ चालली. पण धडगावच्या डोंगरातले पोर घरी पावरी बोलते, अक्कलकुव्याकडचे भिलोरी, नवापूरचे मावची. त्याला प्रमाण मराठीत शब्दाचा अर्थ विचारला आणि ते गप्प बसले, तर गुण कमी पडले ते बुद्धीचे की भाषेचे? खाटा, शिक्षक आणि तास यांचा हिशेब अभ्यासक्रमांच्या मान्यतेची मानके नीट ठेवतात. समोरच्याची बोली परीक्षकाला कळते का, हा रकाना त्या हिशेबात फार हवा होता.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, तेव्हा या रेघेची ओढाताण सरकारलाही कळली. पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, पण माणसे आणायची कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या नोंदीत भारतात लाखामागे 0.07 मानसशास्त्रज्ञ आहेत. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची वस्ती साडेसोळा लाख, त्यातले सुमारे 69 टक्के आदिवासी. सरासरीने जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम एक माणूस येतो, आणि तोही कागदावर.

गेल्या पाच वर्षांत रेघच हलू लागली आहे. 2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने पुनर्वास परिषदेच्या कक्षेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांनाही व्यवसाय म्हणून यादीत घेतले. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती त्याला 2025-26 पर्यंत मुदतवाढ मिळाली. आणि 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. दर्जाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण तोरणमाळच्या आश्रमशाळेत नोकरी करत पोस्टाने आलेल्या पुस्तकांवर एम.ए. करू पाहणाऱ्या शिक्षिकेची वाट त्याने बंद झाली.

नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एमबीबीएसच्या नियमांप्रमाणे अशा महाविद्यालयाला मनोविकृतीशास्त्र विभाग ठेवावाच लागतो, म्हणजे खाटा आणि ओपीडी जिल्ह्यातच आली. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जोडायचा तर पुनर्वास परिषदेची मान्यता लागेल, मान्यतेला नोंदणी असलेले शिक्षक लागतील, आणि ते अजून बाहेरूनच आणावे लागतील.